वाचकाचा एकांत आणि मधला निरोप्या



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने ग्रंथांविषयी बोलणे स्वाभाविक आहे. त्या ग्रंथांच्या वाचकाविषयी बोलणे मात्र आवश्यक आहे. कोणता वाचक कोणते पुस्तक घरी नेतो, ते किती दिवस ठेवतो, कोणत्या विषयाकडे वारंवार वळतो, या गोष्टी जाणण्याचा अधिकार कोणाला? शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर देवघेव विभागाच्या नोंदवहीत दडलेले होते. आज ते आंतरजालाच्या यंत्रणेत दडलेले आहे. वाचनाची साधने पालटली, प्रश्न मात्र पालटलेला नाही. त्या प्रश्नावर ‘प्रॉक्सी सर्व्हर’ नावाचा एक उपाय सांगितला जातो. तो उपाय म्हणजे काय, त्याचे सामर्थ्य किती आणि त्याची मर्यादा कोठे, याचा विचार बिदर-कलबुर्गीच्या भूमीवर उभे राहून करण्यास एक विशेष कारण आहे. मध्यस्थावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, याची दोन टोकाची उदाहरणे याच भूमीने मराठी मनाला दिलेली आहेत.

पहिले उदाहरण दामाजीपंतांचे. महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे आणि कीर्तनकारांच्या मुखातून ही कथा घरोघर पोहोचली. मंगळवेढ्याचे कारभारी दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली. बेदरच्या पातशहाने त्यांना पकडून आणण्याची आज्ञा केली. पंत वाटेवर असतानाच कोणी एक विठू महार बेदरच्या दरबारात हजर झाला, धान्याची रक्कम त्याने चुकती केली, रीतसर पावती घेतली आणि तो निघून गेला. दरबाराने पाहिला तो फक्त निरोप्या. दामाजीपंत त्या वेळी दरबाराच्या दृष्टीपलीकडे होते.

दुसरे उदाहरण इतिहासातले आणि दुःखान्त आहे. बहमनी राज्याचा वजीर ख्वाजा महमूद गवान याने बिदरमध्ये उभारलेला मदरसा १४७२ साली पूर्ण झाला. त्यातील ग्रंथसंग्रहाची कीर्ती दूरवर पसरली होती आणि त्याचे भग्न वैभव आजही पाहावयास मिळते. फरिश्ता या इतिहासकाराने दिलेल्या हकिकतीनुसार, गवानच्या शत्रूंनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्या माणसाला भेटी देऊन वश केले आणि त्याच्याकडून एका कोऱ्या कागदावर वजिराची मोहोर उमटवून घेतली. नंतर त्या कागदावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले गेले. मोहोर खरी आणि मजकूर खोटा. सुलतान तिसरा महंमदशहा याने शहानिशा न करता एप्रिल १४८१ मध्ये कोंडापल्ली येथे या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. वर्षभरात सुलतानही मरण पावला आणि बहमनी सत्तेची वीण उसवत गेली. ज्याच्या हाती आपली ओळख सोपविली, तो मधला माणूस फुटला तर काय होते, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

विश्वासू निरोप्या आणि फुटलेला मोहोरदार, या दोन प्रतिमा ध्यानात ठेवल्या तर प्रॉक्सी सर्व्हरचा विषय अर्धा उलगडला असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

‘प्रॉक्सी’ हा शब्द मराठी कानांना अगदीच परका नाही. महाविद्यालयाच्या वर्गात गैरहजर मित्राच्या नावाने कोणी ‘हजर’ म्हणतो, तेव्हा त्याने ‘प्रॉक्सी लावली’ असे विद्यार्थी म्हणतात. कंपनीच्या सभेत भागधारकाच्या वतीने दुसरा मत देतो, तीही प्रॉक्सीच. मुखत्यारनामा आणि वकीलपत्र हे शब्द तर निजामी अमलात वाढलेल्या या भागाच्या रक्तात मुरलेले. एकाने दुसऱ्याच्या वतीने उभे राहणे, हा या सर्वांतील समान धागा.

आंतरजालावर संकेतस्थळ पाहणे म्हणजे वस्तुतः पत्रव्यवहार करणे होय. वाचकाचा संगणक वा मोबाइल संकेतस्थळाच्या संगणकाकडे ‘अमुक पान पाठवा’ अशी मागणी धाडतो. उत्तर कोठे पाठवावयाचे हे कळावे म्हणून त्या मागणीवर परतीचा पत्ता असावाच लागतो. त्यालाच आय. पी. पत्ता म्हणतात. त्या पत्त्यावरून वाचकाचे नाव लगेच कळत नाही, परंतु तो कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे आणि साधारणपणे कोणत्या गावाकडचा आहे याचा अंदाज येतो. मोबाइलवर पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच बाह्य पत्ता दिलेला असतो. तथापि कोणत्या क्षणी तो कोण वापरीत होता याची नोंद सेवा देणारी कंपनी ठेवू शकते.

आता समजा, वाचकाने आपली मागणी थेट संकेतस्थळाकडे न पाठविता एका मधल्या संगणकाकडे पाठविली. त्या संगणकाने ती स्वतःच्या पत्त्यावरून पुढे धाडली, आलेले उत्तर घेतले आणि वाचकाच्या स्वाधीन केले. संकेतस्थळाला दिसला तो मधल्या संगणकाचा पत्ता. हा मधला संगणक म्हणजेच प्रॉक्सी सर्व्हर. विठू महार आणि हा निरोप्या यांत एक फरक मात्र आहे. विठूने दरबारात धन्याचे नाव सांगितले आणि स्वतःचे खरे रूप झाकले. प्रॉक्सी स्वतःचे रूप दाखवितो आणि धन्याचे नाव झाकतो.

ही योजना मुळात गुप्ततेसाठी निघालेली नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. विश्वव्यापी जालाचा जन्म जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत झाला आणि त्याच संस्थेच्या सर्व्हर-आज्ञावलीत १९९४ च्या सुमारास प्रॉक्सीची सोय झाली. संस्थेच्या संरक्षक भिंतीआड बसलेल्या संशोधकांना बाहेरच्या जालाशी एकाच दारातून संपर्क साधता यावा, हा पहिला हेतू होता. एकदा आणलेले पान साठवून ठेवावे म्हणजे दुसऱ्या वाचकासाठी ते पुन्हा दुरून आणावे लागू नये, हा दुसरा. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी आंतरजाल खुले केले, तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून पाने मुंगीच्या पावलांनी येत. अशा काळात ही साठवण फार मोलाची होती. ग्रंथालयानेही याहून वेगळे काय केले? एक प्रत दुरून आणावी आणि शंभरांनी वाचावी. मागणी एकत्र करणारा मध्यस्थ मागणाऱ्याला आपोआप झाकतो, हा गुण नंतर ध्यानात आला.

ही झाकण्याची गरज का भासावी, असा प्रश्न एखादा सरळमार्गी नागरिक विचारील. ज्याच्या मनात पाप नाही त्याने का लपावे, असे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. या भागाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. १९४८ पूर्वी बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद संस्थानात होते. सार्वजनिक सभेला पूर्वपरवानगी हवी, असा दंडक ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने घातलेला होता. १९३८ साली स्थापन होत असलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर जन्मतःच बंदी आली. राजकीय संघटनेस वाव नव्हता, म्हणून ग्रंथालये, उत्सव आणि साहित्यसंमेलने यांनाच सार्वजनिक जीवनाचा भार वाहावा लागला. अशा राज्यात ग्रंथालयाची नोंदवही हा केवळ पुस्तकांचा हिशेब उरत नाही. कोण काय वाचतो याची यादी म्हणजे कोण काय विचार करतो याची यादी, आणि ती कोणाच्या हाती पडते यावर माणसाचे भवितव्य ठरू शकते. त्या वाचकांच्या मनात पाप नव्हते. ज्या पुस्तकांसाठी त्यांना दबकून राहावे लागले असेल, ती पुस्तके १७ सप्टेंबर १९४८ नंतर उघड अभिमानाची ठरली. वाचन निर्दोष की सदोष, हे ठरविणारी सत्ता बदलते. नोंद मात्र तशीच राहते.

प्रॉक्सीचे तत्त्वही त्याच भूगोलावरून समजावून घेता येईल. सोलापूर इंग्रजी मुलखात होते आणि गुलबर्गा निजामी मुलखात, दोहोंमध्ये रेल्वेचा काही तासांचा प्रवास. समजा, गुलबर्ग्याच्या एखाद्या वाचकाला पुण्याचे एखादे नियतकालिक स्वतःच्या नावे मागविणे धोक्याचे वाटले, तर तो काय करील? सोलापूरच्या आप्ताच्या नावे वर्गणी भरील आणि अंक त्याच्याकडून आणवील. पुण्याच्या कचेरीत नाव लागेल ते सोलापूरकराचे. प्रॉक्सी सर्व्हर याहून अधिक काही करीत नाही. परंतु या दृष्टान्तातच त्याची मर्यादाही दडलेली आहे. पुण्याला काही कळले नाही, हे खरे. सोलापूरच्या आप्ताला मात्र सर्व काही कळले. गुप्तता नाहीशी होत नाही वा निर्माण होत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. म्हणून खरा प्रश्न असा की, तो दुसरा हात कोणाचा?

येथे महमूद गवानची मोहोर आठवावी. आंतरजालावर फुकट प्रॉक्सींच्या याद्या मिळतात. हे सर्व्हर कोणी चालविले, कोणत्या देशात, कशासाठी, याचा थांग लागत नाही. सर्व्हर चालविण्यास वीज लागते, यंत्र लागते, देखभाल लागते. जो हे सर्व विनामूल्य देतो तो आपला खर्च कोठून भरून काढतो, असा प्रश्न बाजारात भाजी घेणारी गृहिणीही विचारील. काही फुकट प्रॉक्सी येणाऱ्या पानांत स्वतःच्या जाहिराती घुसडतात, काही जाणाऱ्या मजकुरावर डोळा ठेवतात. पत्त्याच्या आरंभी ‘एचटीटीपीएस’ असेल तर मजकूर कूटबद्ध असतो. मधल्या प्रॉक्सीला कोणत्या संकेतस्थळाशी व्यवहार चालला आहे ते बहुधा कळते, आतला मजकूर वाचता येत नाही. ते अक्षर नसेल तर सर्व पत्रव्यवहार उघड्या पोस्टकार्डावर चालला आहे असे समजावे. म्हणून अनोळखी प्रॉक्सीतून बँकेचा व्यवहार करणे किंवा परवलीचा शब्द लिहिणे, म्हणजे कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून देणे होय.

आणखीही काही गैरसमज दूर करावयास हवेत. ब्राउझरमध्ये ‘इन्कॉग्निटो’ वा खासगी खिडकी उघडली की आपण अदृश्य झालो, असे पुष्कळांस वाटते. त्या खिडकीने फक्त त्या यंत्रावरील इतिहास मागे राहत नाही. आय. पी. पत्ता आहे तसाच दिसतो. काही प्रॉक्सी तर मागणी पुढे पाठविताना मूळ वाचकाचा पत्ताही सोबत जोडतात. असा निरोप्या निरोप पोचवितो, पण पडदा धरीत नाही. शिवाय पत्ता झाकला तरी १९९४ सालापासून चालत आलेल्या ‘कुकी’ नामक खुणेच्या चिठ्ठ्या वाचकाच्या यंत्रावर असतात आणि त्यांवरून संकेतस्थळ त्याला पुन्हा ओळखते. प्रॉक्सीतून जाऊन स्वतःच्या खात्यात प्रवेश करणे, म्हणजे बुरखा घेऊन दारात जावे आणि उंबरठ्यावर स्वतःचे नाव पुकारावे, असे आहे.

प्रॉक्सीहून पुढच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली व्ही. पी. एन. प्रॉक्सी बहुधा एकट्या ब्राउझरचे काम पाहतो. व्ही. पी. एन. संपूर्ण यंत्राची वाहतूक एका कूटबद्ध भुयारातून नेतो, त्यामुळे आंतरजाल पुरविणाऱ्या कंपनीलाही भुयारात काय चालले आहे ते दिसत नाही. भुयाराच्या पलीकडच्या तोंडाशी मात्र व्ही. पी. एन. चालविणारा बसलेला असतोच. दुसरी पायरी ‘टॉर’. अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत १९९० च्या दशकात या कल्पनेचा पाया घातला गेला आणि २००२ साली ती जगापुढे आली. यात निरोप सामान्यतः तीन टप्प्यांनी जातो. पहिल्याला पाठविणारा ठाऊक, पण मुक्काम नाही. शेवटच्याला मुक्काम ठाऊक, पण पाठविणारा नाही. मधला दोघांनाही पुरता ओळखत नाही. एकाच मोहोरदाराच्या हाती सर्व विश्वास सोपवू नये, हा धडा येथे यंत्राला शिकविलेला आहे. त्याची किंमत मंद गतीच्या रूपाने मोजावी लागते.

ग्रंथालयांचा याच्याशी संबंध काय? संबंध निकटचा आहे. १८९५ साली नीना ब्राउन यांनी मांडलेली ‘ब्राउन पद्धती’ अनेक ग्रंथपालांच्या परिचयाची आहे. वाचकाच्या तिकिटात पुस्तकाचे पत्रक घालून ठेवावयाचे आणि पुस्तक परत येताच दोन्ही वेगळी करावयाची. पुस्तक परत आले की कोणी काय वाचले याचा मागमूस उरत नाही. याउलट जाड बांधणीच्या नोंदवहीत सभासदाच्या खात्यावर प्रत्येक पुस्तक लिहिण्याची पद्धत त्याच्या आयुष्यभराच्या वाचनाचा पट जपून ठेवते. संशोधकाला तो पट मोलाचा, पण वाचकाला तो कधी घातकही ठरू शकतो. अमेरिकन ग्रंथालय संघाने १९३९ च्या आपल्या आचारसंहितेतच वाचकांविषयीची खासगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले. २०१५ साली त्याच देशातील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या लेबनन गावाच्या किल्टन ग्रंथालयाने टॉरचा एक टप्पा स्वतःच्या संगणकावर चालविला. सुरक्षा खात्याकडून शंका निघताच तो थांबविण्यात आला. पुढे गावकऱ्यांचे मत ऐकून विश्वस्तांनी तो पुन्हा सुरू ठेवला. एका लहान गावाच्या ग्रंथालयाने जगातील अनोळखी वाचकांसाठी निरोप्याचे काम पत्करले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याच्या दोन बाजू आहेत. २०११ च्या नियमांनी सायबर कॅफेचालकांवर ग्राहकाची ओळख पटविण्याचे आणि वापराच्या नोंदी किमान १ वर्ष जपण्याचे बंधन घातले. २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’ या शासकीय संस्थेने व्ही. पी. एन. सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, दिलेले आय. पी. पत्ते इत्यादी माहिती ५ वर्षे ठेवावी, असे निर्देश काढले. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलविले. आर्थिक फसवणूक, स्त्रियांना धमक्या, लहान मुलांचे शोषण अशा गुन्ह्यांचा छडा लावण्यासाठी नोंदी हव्यात, हे शासनाचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. पडद्याआड सज्जन बसतो तसा दुर्जनही बसतो. प्रॉक्सी कोणालाही गुन्ह्याचा परवाना देत नाही, आणि जो तसे समजतो तो फसतो.

दुसऱ्या बाजूस, २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते, याचा या राज्याला अभिमान वाटावा. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. नोंद ठेवण्याचे कर्तव्य आणि नोंदीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क, या दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवरून आजच्या नागरिकाला चालावयाचे आहे.

या वाटेवर सर्वांत कोवळा वाचक कोण? स्वतःच्या आजाराविषयी कोणाला विचारण्याचा संकोच वाटणारी मुलगी, घरच्यांना न सांगता एखाद्या स्पर्धापरीक्षेची वा परगावच्या नोकरीची माहिती शोधणारा तरुण, कर्ज फेडता न आल्याने कायद्याचा आधार धुंडाळणारा शेतकरी. भालकी-औरादपासून आळंदपर्यंतच्या सीमाभागात मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू अशा भाषा एकाच ओसरीवर नांदतात. येथे सर्व जण एकमेकांना ओळखतात आणि म्हणूनच एकांत दुर्मीळ आहे. या वाचकांना दूरच्या सरकारचे भय क्वचितच असते. त्यांना भय असते ते शेजारच्या खुर्चीवर बसून पडद्यात डोकावणाऱ्या डोळ्यांचे आणि संगणकावर मागे राहिलेल्या इतिहासाचे. त्यांच्यासाठी सातासमुद्रापलीकडच्या प्रॉक्सीहून ग्रंथालयातील साधी शिस्त अधिक उपयोगी पडेल.

ती शिस्त फार खर्चाची नाही. संगणकाचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या दृष्टीस पडू नये अशी मांडणी करावी. प्रत्येक वाचक उठताच ब्राउझरचा इतिहास आणि कुकी आपोआप पुसल्या जातील अशी व्यवस्था ठेवावी. कायदा सांगेल तेवढीच नोंद ठेवावी, सांगेल तेवढाच काळ ठेवावी आणि ती कुलुपात ठेवावी. पुस्तक परत आल्यावर देवघेवीच्या नोंदीचे प्रयोजन संपले, तर ती नोंदही संपवावी. फुकट प्रॉक्सीच्या मोहात न पडण्याचा आणि ‘एचटीटीपीएस’ पाहिल्याविना परवलीचा शब्द न लिहिण्याचा सल्ला एका फलकावर मराठीत आणि कन्नडात लिहून लावावा. आणि कोणी येऊन ‘अमका काय वाचतो?’ असे सहज म्हणून विचारले, तर ‘ते त्यालाच विचारावे’ एवढे उत्तर देण्याचे धैर्य ग्रंथपालाच्या अंगी असावे.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे, हे त्यांतील एक. ते पुस्तक निर्भयपणे उघडता येत नसेल, तर ते मिळूनही न मिळाल्यासारखेच आहे. वाचक आणि विशाल ज्ञानविश्व यांच्यामध्ये ग्रंथालय शंभर वर्षे मध्यस्थ म्हणून उभे राहिले आहे. पुढील शतकात यंत्रे कोणती येतील हे सांगता येत नाही. पण मध्यस्थाची कसोटी तीच राहील. बेदरच्या दरबारातील निरोप्याने रक्कम पोचविली, पावती आणली आणि ज्याच्यासाठी गेला त्याच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. ग्रंथालयाने वाचकासाठी एवढे केले, तर त्याची दुसरी शताब्दी पहिलीइतकीच सार्थ होईल.